फिरत्या दवाखान्यातले खेकडे

पार्वतम्मांच्या घरात खेकडा शिजणं शक्य नव्हतं, आणि जोतीराम-सगुणाच्या घरात तो शिजल्यावाचून भागणार नव्हतं. अडचण एवढीच की ही दोन्ही घरं एकाच छपराखाली होती. पार्वतम्मा मालकीण, हे दोघं भाडेकरू. खोल्या देतानाच पार्वतम्मांनी गळ्यातलं लिंग हातात धरून बजावलं होतं, "अंडं नको, मासा नको, मटण नको. बाकी काय वाट्टेल ते करा की." त्या वेळी सगुणाच्या लग्नाला सहा महिने झाले होते आणि 'बाकी काय वाट्टेल ते' एवढ्यावर सगळं आयुष्य सुखात काढता येईल असं तिला वाटत होतं.

पण गोवर कुणाला विचारून येत नाही. चौऱ्याहत्तरच्या श्रावणात तो छबीला आला आणि जाताना तिची भूक बरोबर घेऊन गेला. छबी साडेचार वर्षांची. पूर्वी भाकरीचा पापुद्रा तव्यावरूनच मागणारी पोरगी आता ताट पाहिलं की ओठ असे मिटून घ्यायची, जणू आत कुणाचं तरी गुपित ठेवलंय. सगुणानं वरण दिलं, साय दिली, तुपातला शिरा दिला, टॉनिकच्या दोन बाटल्या दिल्या. चिमणीचा घास झाला, काऊचा घास झाला, शेवटी शेवटी मामलेदाराचा आणि कलेक्टरचाही घास झाला. छबी तोंड मिटून पुढं आणि सगुणा चमचा घेऊन मागं, अशी मायलेकींची वरात रोज दोन वेळा अंगणाला फेऱ्या घालायची. दर शनिवारी सगुणा तिला कोपऱ्यावरच्या धान्याच्या दुकानात ज्वारीच्या काट्यावर बसवायची आणि घरी येऊन आलेखाच्या कागदावर टिंब काढायची. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. गेले सात आठवडे त्यावरची रेघ मोहोळच्या माळासारखी सपाट होती.

डॉक्टर म्हणाले, "खाईल हळूहळू." पण 'हळूहळू' ही काही सकाळ-संध्याकाळ मधातून देण्याजोगी मात्रा नव्हे.

अशात माढ्याकडच्या गावाहून सासूबाई आल्या. गोजरबाईंनी पिशवी खाली ठेवायच्या आधी छबीचा दंड दोन बोटांत धरून पाहिला. बाजारात काकडी कडू आहे की काय, हे पाहावं तसा.

"पोरगी हाय का चिपाड? काय घालतीस काय हिला?"

सगुणानं यादी सांगितली. गोजरबाईंनी ती सोसायटीच्या सभेतल्या अहवालासारखी ऐकून घेतली आणि नामंजूर केली.

"खेकड्याचा रस्सा पायजे हिला. जोती गोवरातनं उठला तवा मी चार दिस खेकडंच पाजलं हुतं. आता बघ की कसा हाय."

सगुणानं नवऱ्याकडं पाहिलं. खेकड्याचा पुरावा म्हणून जोतीराम फारसे भक्कम नव्हते.

"दोन हप्तं हाय मी हितं," गोजरबाईंनी निकाल दिला. "त्येवढ्यात पोरीनं आपल्या हातानं ताटातलं उचलून खाल्लं तर ऱ्हाऊ दे. न्हायतर जाताना घिऊन जाती. माझ्याजवळ वाढंल, तिथल्या शाळंत जाईल."

सगुणानं छबीला मांडीवर ओढून घेतलं. त्यातून खेकड्याचं नाव निघावं हे तर फारच लागलं. ती बी.एस्सी. होती, आणि तीही प्राणिशास्त्रात. खेकड्याचे कल्ले, खेकड्याचं पोट, खेकड्याचं जठर, सगळं तिनं टोकदार पेन्सिलीनं जर्नलमध्ये काढलेलं होतं आणि खाली प्राध्यापकांनी लाल शाईत 'उत्तम' असं लिहिलं होतं. जर्नल अजून ट्रंकेत होतं. तिनं ते काढून सासूबाईंना दाखवलं. गोजरबाईंनी वही सरळ धरली, उलटी धरली, आणि परत दिली.

"ब्येस काढलायस. पर कागदावरचा खेकडा पोरीला चारनार हाईस का?"

हे खरं होतं. बार्शीला सगुणाच्या माहेरी मटण व्हायचं, पण खेकडा कधी घरात आला नव्हता. ज्या प्राण्याचा प्रत्येक सांधा तिला तोंडपाठ होता, त्याची चव तिला माहीत नव्हती.

आता सगळ्यात सोपा उपाय पलीकडच्या बोळात राहत होता. तिथं सुंदरम्मांच्या घरी दोन माग होते आणि बाजारच्या दिवशी खेकड्याचं कालवणही असायचं. सुंदरम्मा म्हणाल्या, "आमच्या चुलीवर करा की अम्मा. त्यात काय?" हे इतकं सरळ होतं की जोतीरामांना ते पटणं शक्य नव्हतं. जोतीराम तांत्रिक विद्यालयात वेल्डिंग शिकवायचे. दोन लोखंडी तुकडे जोडता येणाऱ्या माणसाला जगात कुणाचे उपकार घ्यावे लागत नाहीत असा त्यांचा सिद्धान्त होता. शिवाय मेलेला खेकडा आणायचा नसतो, तो नदीवरून जिवंत उचलून तिथल्या तिथं शिजवायचा असतो, असं गोजरबाईंनीच सांगितलेलं. मग जोतीरामांनी हिशेब मांडला: खेकडा घरी आणता येत नाही, तर घरच खेकड्याकडं न्यावं.

आणि घर त्यांच्याकडं तयार होतं. एका सरकारी खात्याच्या लिलावात त्यांनी उन्हाळ्यातच एक मोडकी गाडी घेतली होती. तिच्या दोन्ही अंगांना ढोबळ सरकारी अक्षरांत 'फिरता पशुवैद्यकीय दवाखाना' असं लिहिलेलं होतं आणि शेजारी एक धष्टपुष्ट बैल होता. बैल इतका तृप्त दिसत होता की त्याला दवाखान्याची कधी गरज पडली असेल असं वाटत नव्हतं. सहा महिने जोतीराम रोज संध्याकाळी त्या गाडीच्या पोटात शिरत आणि ठिणग्या उडवत. औषधांचे खण मसाल्याचे झाले, हौदीची मोरी झाली, छतावर पाण्याची टाकी बसली. जनावरं तपासायच्या टेबलाचा पलंग झाला. त्या टेबलावर आपलं मूल झोपणार या विचारानं सगुणानं ते तीनदा फिनेलनं आणि दोनदा पोटॅशियम परमँगनेटनं धुतलं, त्यामुळं ते कायमचं जांभळं झालं. एकच दोष राहिला. गाडीचं मागचं दार फक्त बाहेरून उघडायचं. मूळ गाडी बनवणाऱ्यानं आतल्या गिऱ्हाईकांनी आपण होऊन बाहेर पडावं अशी अपेक्षा ठेवली नव्हती.

सल्ल्यांना तोटा नव्हता. पार्वतम्मांचे यजमान रेवणप्पा रोज खुर्ची घेऊन गाडीसमोर बसायचे आणि टाकी वर नको, खाली घ्या, म्हणायचे. टाकी खाली घेतली की वर का नाही, म्हणायचे. पार्वतम्मांची तक्रार वेगळी होती.

"चाकावरचं का असंना, घर माझ्याच भिंतीला टेकलंय की बाई. त्यात खेकडा शिजला तर माझ्या भिंतीला लागंल न्हवं?"

"नाही हो. आम्ही मंगळवेढ्याच्या पुढं जाऊन करणार आहोत."

पार्वतम्मांनी मनातल्या मनात अंतर मोजलं. "मंगळवेढ्याच्या पुढं चालंल. येताना नदीत आंघोळ करा सगळ्यांनी. गाडीला पण घाला." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि पोर खाल्ली तर मला येऊन सांग. कसं ते नको सांगू. खाल्ली एवढंच सांग."

गाडीवरची अक्षरं पुसून निळा रंग द्यायचा, असं सगुणानं पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. पण रंग बदलायचा तर वाहनांच्या कचेरीतून परवानगी लागते. तिथल्या कारकुनानं चष्म्यावरून जोतीरामांकडं पाहिलं.

"गाडीत आहे काय?"

"पलंग, मोरी, स्टोव्ह."

"म्हणजे घर."

"हो. फिरतं घर."

"तसा रकाना नाही. माल की प्रवासी?"

"प्रवासी लिहा."

"प्रवाशांच्या गाडीत स्टोव्ह चालत नाही."

"मग माल लिहा."

"मालाच्या गाडीत बायको चालत नाही."

हा पेच वरिष्ठांकडं गेला. वरिष्ठांनी तो आणखी वर पाठवला. तिथून उत्तर येईपर्यंत गाडी आहे तशी वापरायला हरकत नाही. मात्र रंग, अक्षरं आणि बैल यांपैकी कशालाही हात लावायचा नाही, असं लेखी मिळालं. जोतीराम म्हणाले, "वाचतं कोण?" सगुणा म्हणाली, "सगळे वाचतात." मग तिनं दोन्ही बाजूंना एकेक चादर सुतळीनं बांधली. बैलाचे खूर तेवढे खाली दिसत राहिले.

सासूबाईंच्या दोन आठवड्यांतले दहा दिवस गेले, तेव्हा एका रविवारी सकाळी ही मंडळी निघाली. पुढं जोतीराम, मागं सगुणा, छबी आणि गोजरबाई. न्यायाधीशानं पाहणीला जातीनं यावं तशा गोजरबाई जांभळ्या पलंगावर बसल्या होत्या. ब्रेक दाबला की छतावरच्या टाकीतलं पाणी झाकणातून नेमकं पलंगावर यायचं.

"हितं पाऊस पडतोय रं जोती."

"टाकी खाली घ्यायला हवी होती, आई."

"त्यो रेवणप्पा बरूबर म्हनत हुता."

रेवणप्पा दोन्ही म्हणत होते, पण पुढून वाद घालणं सोयीचं नव्हतं.

सगुणाचं लक्ष छबीकडं होतं. तिच्या पिशवीत उकळलेलं पाणी होतं, ग्लुकोज होतं, पोटदुखीचं औषध होतं, मऊ भाताचा डबा होता आणि ओकारी झालीच तर म्हणून तीन फडकी होती. भीमेच्या पुलावर तिनं भाताचा चमचा पुढं केला. छबीनं तोंड मिटलं. मंगळवेढ्यात केला. तोंड मिटलं. गोजरबाईंनी केळं सोलून दुसऱ्या बाजूनं पुढं केलं. छबीनं दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं आणि डोळेसुद्धा मिटून घेतले. मंगळवेढ्याच्या पुढच्या माळावर जोराचा वारा सुटला आणि बाहेर काहीतरी फडफड करून गेलं. खिडकीतून सगुणानं पाहिलं, तर दोन चादरी, एकीमागून एक, हरभऱ्याच्या रानावरून सांगोल्याच्या दिशेनं त्यांच्या पुढं निघाल्या होत्या.

माण नदीच्या काठाला एका वस्तीजवळ बाभळी पाहून गाडी उभी राहिली. दोन वर्षांमागं जिथं टँकरची वाट बघत घागरी रांगेत असायच्या, तिथं आता गुडघाभर पाणी खळाळत होतं. काठाच्या मातीत जागोजाग बिळं होती. जोतीरामांनी बाह्या सरसावल्या, पहिल्या बिळात हात घातला आणि चेहरा अगदी शांत ठेवला. तो शांतपणा हळूहळू लाल झाला, मग जांभळा.

"काय झालं हो?" सगुणानं विचारलं.

"काही नाही. सापडला."

"त्यो तुला सापडला का तू त्येला?" गोजरबाई म्हणाल्या. त्यांनी बिळाच्या तोंडची माती काठीनं उकरली. जोतीरामांचा हात बाहेर आला आणि बोटाला लोंबकळत खेकडाही आला. गोजरबाईंनी त्याला पाठीकडनं चिमटीत धरलं. "फुडनं न्हाय धरायचा, मागनं. पाच वर्सांचा असताना शिकीवलं हुतं तुला. वेल्डिंग शिकलास आन् ह्ये इसरलास."

सगुणा बोटाला पट्टी बांधत होती तेवढ्यात बैलाचं काम सुरू झालं.

आधी एक म्हातारा आला. डोक्याला पिवळं मुंडासं, खांद्यावर घोंगडं, मागं दोरीला एक लंगडी शेळी. नाव बिरप्पा.

"डागदर कुटं हायत?"

"डॉक्टर नाहीत," जोतीराम म्हणाले. "ही आमची खाजगी गाडी आहे. फिरायला आलोय."

बिरप्पानं बैलाकडं पाहिलं, मग जोतीरामांच्या पट्टी बांधलेल्या बोटाकडं पाहिलं. "सरकारी गाडी हाय, हातात पट्टी हाय, आन् डागदर न्हाय म्हनता व्हय? आयतवारी काम न्हाय म्हना की सरळ."

एवढ्यात आणखी चार जण आले. त्यांच्याबरोबर सात शेरडं, दोन मेंढ्या आणि एक म्हैस आली. म्हैस आजारी नव्हती, पण दवाखाना दारात आलाय तर दाखवून ठेवावी, असं तिच्या मालकाचं म्हणणं होतं. जोतीराम समजावू लागले तशी गर्दी नाराज होऊ लागली. शेवटी सगुणा पुढं झाली. तिचा हेतू गैरसमज दूर करण्याचा होता, हे इथं नमूद केलं पाहिजे.

"हे बघा, आमच्यात कुणी डॉक्टर नाही. मी फक्त प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलंय."

"म्हंजे?"

"म्हणजे... प्राण्यांविषयी शिकलेय. कॉलेजात."

"किती वर्सं?"

"चार."

बिरप्पा मागं वळला. "ऐकलं का? बाई चार वर्सं जनावराचंच शिकल्यात. डागदर ह्या हायत. त्ये गाडी चालीवत्यात."

गाडी चालवणाऱ्यांनी पट्टीचं बोट पाठीमागं घेतलं. सगुणानं पुन्हा सांगितलं, "मी डॉक्टर नाही." पण खरं सांगायचं तर आवाज पहिल्याइतका ठाम निघाला नाही. लग्न झाल्यापासून त्या चार वर्षांचा उपयोग काय असं विचारणारेच भेटले होते. ऐकून मुंडासं सावरणारा माणूस आज पहिल्यांदा भेटत होता. ती कमरेला पदर खोचून खाली बसली आणि लंगड्या शेळीचा खूर हातात घेतला. खुरात बाभळीचा काटा होता. काटा छबीच्याही पायातून ती आठवड्याला एक काढायची. तिनं तो सुईनं काढला, परमँगनेटचं पाणी लावलं आणि शेळी चार पायांवर निघून गेली. वस्तीवर एक हलकासा सुस्कारा उठला.

त्यानंतर मात्र तिनं वही काढली. ज्याचं दुखणं तिला कळण्यापलीकडचं होतं, त्याचं नाव, जनावराचा रंग आणि लक्षणं तिनं लिहून घेतली आणि यादी सांगोल्याच्या खऱ्या डॉक्टरांना आजच पोचवते, असं वचन दिलं. 'निरोगी' या सदरात म्हैस एकटीच होती.

गोजरबाई चाकाला टेकून सगळं पाहत होत्या. त्यांचं नुसतं पाहणं सगुणाला त्यांच्या बोलण्यापेक्षा जास्त घाबरवायचं.

शेवटी बिरप्पाची सून केराबाई एक करडू काखेत घेऊन आली. दोनेक महिन्यांचं, काळं, डोळे मोठे आणि पोट पाठीला लागलेलं.

"ह्येला जुलाब झालं हुतं बाई. बरं झालं. पर तवापस्नं तोंड लावत न्हाय कशाला."

"काय काय दिलंत?"

"ताक पाजलं. गुळाचं पानी पाजलं. हुलग्याचं माडगं पाजलं. काल नाक दाबून गोडंतेल बी पाजलं."

"दिवसातनं किती वेळा?"

"उठता-बसता. मी एका अंगानं, सासू दुसऱ्या अंगानं. मामंजी डोस्कं धरत्यात."

सगुणाला त्या करडाची खरंच दया आली आणि तिचा आवाज चढला. "अहो बाई, काय चाललंय काय तुमचं? तोंडाशी सारखं असं धरल्यावर आणि चारी बाजूंनी माणसं डोळे लावून उभी राहिल्यावर कोण खाईल? सोडा त्याला खाली. पाला टाका आणि निघून जा तिथनं. खाऊ दे नाहीतर नको खाऊ दे. बघूसुद्धा नका त्याच्याकडं!"

मागं जोतीराम खाकरले. जोतीराम एरवी फारसे खाकरणारे नव्हते.

सगुणाच्या कानाची पाळी गरम झाली. तिनं मान वळवली, तर छबी गाडीच्या पायरीवर बसून, हनुवटी गुडघ्यावर टेकवून, आईकडं मोठ्या उत्सुकतेनं पाहत होती. सगुणानं भाताचा डबा हळूच पिशवीच्या तळाशी ढकलला.

फी म्हणून बिरप्पानं तेलाचा रिकामा डबा भरून खेकडे आणले. जोतीरामांना जो एक सापडला होता तो या खेकड्यांच्या नातवाइतका होता. डबा गाडीत ठेवला, सगुणा मीठ-मसाला काढायला आत शिरली, आणि पाठोपाठ एक चौकस शेळीही शिरली. कुणीतरी शिस्त म्हणून दार लोटून घेतलं. शेळीनं डब्यात तोंड घातलं, दचकली आणि डबा आडवा झाला.

सगुणा पलंगावर चढली. शेळीही चढली. खाली चौदा खेकडे आपापल्या दिशा ठरवत होते.

"अहो! दार उघडा!"

जोतीराम नदीवर पाणी आणायला गेले होते. खिडकीशी गोजरबाईंचा चेहरा आला. "थांब. मी येती, मी धरती."

ते 'मी धरती' सगुणाला बोचलं. "नको, आत्याबाई. मी धरीन."

तिनं डोळे मिटले आणि जर्नलचं पान समोर आणलं. नांगी पुढं वळते, वर वळते, पण पाठीच्या मागच्या कडेपर्यंत तिचा शेवटचा सांधा पोचत नाही. हे तिनं परीक्षेत तीन ओळींत लिहिलं होतं. तिनं पदर घट्ट केला, पलंगावरून खाली उतरली आणि पहिल्या खेकड्याची पाठ मागून दाबली. सांधा खरंच पोचला नाही. मग दुसरा, मग तिसरा. मसाल्याच्या खणामागचा, मोरीतला, जोतीरामांच्या चपलेवर बसलेला. एकीला उचललं तर तिच्या पोटाखाली ज्वारीच्या दाण्याएवढी पिल्लं चिकटलेली दिसली. ती तिनं खिडकीतून सासूबाईंच्या हातात दिली. "हिला पाण्यात सोडा. लेकुरवाळी आहे." गोजरबाईंनी मुकाट्यानं नेऊन सोडली. जोतीरामांनी दार उघडलं तेव्हा तेरा खेकडे डब्यात होते, सगुणाच्या वेणीचा शेपटा सुटला होता, आणि शेळी अजून पलंगावरच होती. बाहेर सगळी वस्ती उभी होती.

"बाई वर्गात शिकल्यात ह्ये," बिरप्पा हळूच म्हणाला.

यानंतर सहा महिने खपून बनवलेल्या स्वयंपाकघराचा स्टोव्ह पेटला नाही. जोतीरामांनी पिन मारली, हवा भरली, काडी लावली. त्यातून काळा धूर आला आणि एक दीर्घ उसासा. "पंप बदलावा लागेल," ते म्हणाले आणि स्वयंपाकघराकडं पाठ करून बसले. केराबाईनं बाभळीखाली तीन दगड मांडले. नांग्या वेगळ्या केल्या, बारीक पाय पाट्यावर वाटून त्यांचं पाणी गाळून घेतलं, काळं तिखट, भाजलेलं खोबरं आणि शेंगदाण्याचं कूट घातलं. वास माणेच्या दोन्ही काठांना पोचला. सगुणा प्रत्येक पायरी वहीत लिहीत होती आणि तिखट किती पडतंय ते पाहून तिचा जीव वर-खाली होत होता.

ताटं वाढून निवायला ठेवली. आणि मग तिच्या लक्षात आलं की छबी पायरीवर नाही.

गाडीत नाही. पलंगाखाली नाही. नदीकडं पाहिलं आणि ती पळत सुटली. पाण्यात शेरडांशिवाय कुणी नव्हतं. ती परत वळली, आणि गाडीच्या मागच्या बाजूला आली तेव्हा कुणीतरी तिचा पदर ओढला. गोजरबाई होत्या. त्या गाडीला चिकटून उभ्या होत्या आणि पलीकडं बोट दाखवत होत्या.

बाभळीच्या पलीकडच्या अंगाला, सगळ्यांकडं पाठ करून, छबी मातीत बसली होती. पुढ्यात ताट. शेजारी ते काळं करडू, पुढ्यात बाभळीचा पाला. करडाचा जबडा हलत होता. छबीच्या हातात तिच्या मनगटाएवढा नांगा होता. ती तो दाढेखाली धरून फोडत होती, आतलं ओढून घेत होती, आणि रस्सा कोपरापर्यंत ओघळत होता.

"आगं, तिखट हाय ते. पोरीला पानी तरी..." गोजरबाई पुढं निघाल्या.

सगुणानं त्यांचं मनगट धरलं. लग्नाला सहा वर्षं होत आली होती. सासूबाईंचं मनगट तिनं कधी धरलं नव्हतं.

"आत्याबाई, थांबा."

"घशात कवच अडकंल!"

"माहीत आहे." कवच अडकेल, ठसका लागेल, पोट बिघडेल, न उकळलेलं पाणी मागेल, हात मातीचे आहेत, हे सगळं तिला एका दमात माहीत होतं. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि जागची हलली नाही. दोघी बैलाच्या आडोशाला श्वास रोखून उभ्या राहिल्या.

छबीनं नांगा संपवला. ताट रिकामं करून ती उठली, फ्रॉकला हात पुसले, चुलीपाशी गेली आणि म्हणाली, "मला अजून पाहिजे." केराबाईनं डॉक्टरीणबाईंची आज्ञा लक्षात ठेवून तिच्याकडं न बघताच पळीभर वाढलं. त्यातलं थोडं चुलीत सांडलं. छबी पुन्हा करडाशेजारी जाऊन बसली.

गोजरबाईंनी सगुणाच्या हातातून आपलं मनगट सोडवून घेतलं.

"हिला तिकडं नेऊन आता काय करू?" त्या म्हणाल्या. "मला बघत बसल्याबिगर ऱ्हावायचं न्हाय. घास कोंबल्याबिगर बी ऱ्हावायचं न्हाय. ऱ्हाऊ दे तुझ्यापाशीच."

सगुणानं डोळे पुसावेत तर हाताला काळं तिखट होतं.

गाडीच्या पुढच्या बाजूला तोवर पलीकडच्या वस्तीवरूनही माणसं येऊन थांबली होती. नऊ शेरडं, एक घोडं आणि मघाचीच म्हैस. सगुणा दिसताच सगळे उठले. "बाई, आमचं ह्ये..." "बाई, आधी आमी आलोय..."

गोजरबाईंनी कमरेवर हात ठेवला आणि सुनेच्या पुढं येऊन उभ्या राहिल्या.

"खाली बसा समदी! गडबड करायची न्हाय. माझी सून बी.एस्सी. हाय. ती आधी पोटभर जेवंल, मग तुमची जनावरं बघंल."

माणसं खाली बसली. आणि सकाळपासून सतरा वेळा 'मी डॉक्टर नाही' असं सांगणारी सगुणा या वेळी काहीच न बोलता हात धुऊन आली, आणि खेकड्याचं ताट पुढं ओढून मांडी घालून बसली.